सात्यांतलं शिसं

ज्या धातूचं नाव तुम्ही आजवर फक्त गाडीच्या बॅटरीशी जोडत आलात, तोच धातू तुमच्या रक्ताच्या रिपोर्टवर लिहून आला असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. सरकारी कार्यालयात स्टेनो आहे. माझ्या शरीरात शिसं साठलं, ते कसं साठलं, कसं उतरलं आणि त्या सगळ्यात मी कुठे चुकले, एवढंच मला सांगता येईल. चुकले तो भाग गाळून सांगावा असं पुष्कळदा वाटलं. पण तो गाळला तर बाकीचं सांगून काही उपयोग नाही.

रोज चमचाभर

आम्ही रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहतो. माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं. आमच्याकडे पावसाळ्यात वारुळांवर, कुजलेल्या काडीकचऱ्यात ज्या छत्र्या उगवतात, त्यांना सात्या म्हणतात. छत्तीसगडात त्यांनाच फुटू म्हणतात. लहानपणी सात्यांची भाजी असली की आम्ही भावंडं ताट चाटूनपुसून लख्ख करायचो. ह्यांना मात्र ती भाजी चालत नाही. हे अमरावतीचे. "कुत्र्याची छत्री खाता तुम्ही लोक," म्हणून लग्नापासून चिडवत आले.

तरी त्या मला आणून द्यायचे हेच.

हे सिलतऱ्याला एका लोखंडाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतात. कारखान्याच्या मागे एक भट्टी बंद पडून आहे. तिथे पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे. पावसाळ्यात त्या भट्टीच्या कुंपणालगत सात्यांचं पीक यायचं. जेवणाच्या सुट्टीत हे छत्री घेऊन जायचे आणि डब्याच्या पिशवीत भरून आणायचे. एकदा मी स्वतः त्यांच्यासोबत गेले होते. पायाखालची माती राखाडी, तिच्यावर पांढऱ्याशुभ्र सात्या. मला काय आनंद झाला होता! चपलांना चिकटलेली राख मी घरी येऊन नळाखाली धुतली. सात्याही धुतल्या. एकीतून दुसरीत काय गेलं असेल, हे मनातही आलं नाही.

चार पावसाळे असेच गेले. ताज्या खायच्या त्या खाल्ल्या, उरलेल्या गच्चीवर जुन्या साडीवर वाळवल्या, पूड करून बरण्यांत भरल्या. माझ्या वाटणीच्या वरणात चमचाभर, वांग्यात चमचाभर. वर्षभर रोज. खाणारी एकटी मी.

हात

आधी थकवा आला. नवा रायपूरला कार्यालय गेल्यापासून रोज बसनं लांब जावं लागे, म्हणून थकले असेन असं वाटलं. मग पोटात कळा यायला लागल्या. आतडं कोणी मुठीत धरून पिळावं तशा. चार-चार दिवस पोट साफ व्हायचं नाही. तोंडात सारखी धातूची चव, जसं नाणं चघळतेय. एका डॉक्टरांनी गॅस म्हटलं, दुसऱ्यांनी अल्सर. तिसऱ्यांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या आणि "टेन्शन मत लीजिए" म्हणाले. चिडचिड इतकी वाढली की एकदा भाजीवाल्याशी दोन टमाट्यांवरून भांडून मी रस्त्यात रडले.

मग हात गेला. साहेब पत्र सांगत होते. लघुलिपीत बारीक रेघेचा अर्थ वेगळा आणि जाड रेघेचा वेगळा. माझ्या सगळ्या रेघा सारख्याच यायला लागल्या. नंतर पेन पडलं. उचललं, पुन्हा पडलं. मनगट उचलायला गेले तर ते वाकलेलंच राहिलं, देठ मोडलेल्या फुलासारखं. साहेब बोलायचे थांबले. म्हणाले, "दीदी, आप घर जाइए."

मी पंचवीस वर्षं त्या हातावर जगले. बसमध्ये तो मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसले.

रिपोर्टचा दिवस

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी पोट तपासलं, मनगट तपासलं, मग हिरड्या पाहिल्या. आजवर कोणी हिरड्या पाहिल्या नव्हत्या. तिथे काळपट निळी रेघ होती. मी इतके दिवस ती दात नीट न घासल्याची खूण समजत होते.

"घर में पुताई हुई है? कोई भस्म खाती हैं? सुरमा लगाती हैं?"

रंगरंगोटी, भस्म, सुरमा, मी सगळ्याला नाही म्हटलं. रक्त बाहेरगावी तपासायला गेलं. नऊ दिवस वाट पाहिली. कॅन्सर असेल, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. म्हणून मॅडमनी "लेड है" म्हटलं तेव्हा मला चक्क हायसं वाटलं. मग त्यांचा चेहरा पाहिला. आकडा असायला हवा त्याच्या कितीतरी पट होता.

"कहीं से तो जा रहा है, और रोज़ जा रहा है. खाने में ऐसा क्या है जो सिर्फ आप खाती हैं?"

मी विचार करत होते. शेजारच्या खुर्चीवरून ह्यांचा आवाज आला, अगदी हळू. "फुटू."

"कहाँ के?"

मॅडमनी पुन्हा विचारलं.

"सिलतरा के. मैं ही लाता हूँ."

घरातली बरणी पुढे तपासायला पाठवली. तिच्यात शिसं निघालंच, थोडं कॅडमियमही निघालं. पण त्याच दिवशी मॅडमनी मला समजेल असं सांगितलं होतं: छत्री जमिनीतून पाण्यासारखाच धातूही ओढते आणि साठवून ठेवते. तो धुऊन जात नाही, शिजवून जात नाही आणि वाळवल्यानं तर पाणी उडून जातं, धातू तेवढाच राहतो. जंगलातल्या स्वच्छ मातीतली छत्री वेगळी, भट्टीच्या राखेतली वेगळी. दिसायला दोन्ही सारख्याच.

हे मी ऐकत होते, पण माझं लक्ष नव्हतं. दिवाळीला मी एक बरणी भिलाईला लेकीला, मृणालला दिली होती. तिला आता पाचवा महिना होता.

फोन

दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी फोन लावला. डाव्या हातानं, कारण उजव्यानं बटणं दाबता येत नव्हती.

"मृणाल, मी दिलेली सात्यांची पूड तू खाल्ली का?"

माझ्या लेकीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र ती हिंदीत देते. "क्या हुआ मम्मी? आवाज़ ऐसी क्यों है?"

"पहिले सांग. खाल्ली का?"

"नहीं. मुझे तो उसकी स्मेल से उलटी आ रही थी. वो मैंने कुमारी दीदी को दे दिया."

कुमारी म्हणजे तिच्याकडे स्वयंपाकाला येणारी बाई.

माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "बरं झालं बाप्पा!"

ते तीन शब्द मी आजही कानानं ऐकते. जिन्यावरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईनं हसून माझ्याकडे पाहिलं होतं, की हिला काहीतरी चांगली बातमी मिळाली.

थोड्या वेळानं भान आलं. मी मृणालला म्हटलं, "कुमारीला सांग, ती बरणी फेकून दे म्हणा. आत्ताच सांग." ती "हाँ, बोल देती हूँ" म्हणाली. मी सुटले. मृणालचं रक्तही तपासलं. त्या रिपोर्टची वाट पाहण्याबद्दल मी लिहू शकत नाही, लिहायला गेले की हात थांबतो. तो रिपोर्ट चांगला आला.

वॉर्ड

औषध रायपूरात मिळेना. नागपूरहून माझ्या भावानं एका ओळखीच्या रेल्वे गार्डसोबत पाठवलं. पाच दिवस सलाईनमधून द्यायचं, मग थांबायचं, मग पुन्हा पाच दिवस, मग कॅप्सूल. औषध रक्तातल्या शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. त्यामुळे दिवसभराची लघवी एका पाच लिटरच्या कॅनमध्ये साठवायची. त्या कॅनवर माझं नाव लिहिलेलं. पहिल्या दिवशी मी लाजेनं तो पदराखाली झाकून नेला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईंना म्हणाले, "बघा ताई, माझं शिसं चाललं." दोघी हसलो. कोणाला वाटेल ह्यात काय हसायचं. पण तुम्ही तिथे पोचाल तेव्हा हसा. हसायला कोणी सोबत मिळालं तर नक्की हसा.

मला वेणी घालता येत नव्हती. वॉर्डातली आया, नाव न विचारता, रोज सकाळी झाडू बाजूला ठेवून माझे केस विंचरायची. फणी माझीच, पण तिचा हात इतका हलका की माझे डोळे मिटायचे. जाताना म्हणायची, "हो गे." झालं. एवढंच.

हे रोज कारखान्यातून थेट यायचे. कपड्यांवर लोखंडाची धूळ. एक दिवस मला कळ आली होती, औषधानं मळमळत होतं आणि ह्यांनी डबा उघडला. वरण-भात स्वतः करून आणला होता. म्हणाले, "तू काहून जेवून नाही राहिली? दोन घास खाय."

"तुमच्या हातचं खायची भीती वाटते मले," मी म्हटलं. "तुम्हीच मले जहर चारलं."

शेजारच्या ताईंनी कूस बदलली. ह्यांनी डब्याचं झाकण लावलं. ते नीट लागेना, तीनदा लावलं. मग उठून गेले.

मला माहीत होतं की मीही ती राख पाहिली होती. माझ्याच चपलांना ती लागली होती. त्यांनी एकदाही ते बोलून दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा घेऊन आले, उशाशी ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून बसले. मी डाव्या हातानं जेवायला लागले. निम्मा भात सांडला. तेव्हा ते वळले आणि त्यांनी मला भरवलं. माफी कोणी मागितली नाही. आमच्या घरात ती भाषा कधी नव्हती. पण घरी आल्यावर मी सांगितलं, "मीपण पाहिली होती ती माती." ते म्हणाले, "माहीत आहे मले."

आजारपणात घर दोषी शोधतं. जवळचा माणूस हाताशी असतो, म्हणून तोच सापडतो. एवढं लक्षात ठेवा.

"खराब म्हणजे?"

सुट्टी मिळाली त्या दिवशी मृणाल आली होती. डॉक्टर मॅडम कागद लिहिताना सहज म्हणाल्या, "और किसी ने तो नहीं खाया?"

मी सांगितलं की एका बाईला दिली होती, पण तिला फेकायला सांगितलं आहे.

"उसका खून जाँचा?"

मी मृणालकडे पाहिलं. ती म्हणाली, "मैंने बोल दिया था, खराब हो गया है, फेंक दो."

मॅडमचं पेन थांबलं. "खराब मतलब? लेड का बताया था?"

मृणालचा चेहरा उतरला. तिनं सांगितलं नव्हतं. कुमारी घाबरेल, कामावर येणार नाही, शेजारपाजारी बोलेल, असं काहीबाही तिच्या मनात आलं होतं. तिला मी काय बोलणार? दोन आठवडे मी वॉर्डात पडून होते. माझ्या आकड्याची, मृणालच्या आकड्याची रोज चौकशी करत होते. कुमारीचं नाव माझ्याही तोंडून एकदा निघालं नव्हतं. माझ्यापुरती ती बरणी लेकीच्या घरातून बाहेर पडली, तिथेच संपली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही भिलाईला गेलो. हे आणि मी दोघं. मृणाल म्हणाली मी सांगते, पण मी म्हटलं, "नाही. मी दिली होती, मी सांगते."

कुमारी तीस-बत्तीस वर्षांची असेल. ओट्यापाशी कणीक मळत होती. मी तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही. मी विचारलं, ती पूड फेकली का?

"खराब नइ रिहिस दीदी," ती म्हणाली. "घाम देखाएंव, बने मिठाइस. लइकामन घलो खाइन."

म्हणजे खराब नव्हती, उन्हात ठेवली, चांगली लागली, पोरींनीही खाल्ली. चांगल्या अन्नाला मोठ्या घरचे लोक खराब म्हणतात, हे तिनं आयुष्यभर पाहिलं होतं. तिचं काय चुकलं?

मी तिला सगळं सांगितलं. माझं मनगट दाखवलं, कारण ते तेव्हाही पूर्ण उचललं जात नव्हतं. ती माझ्या हाताकडे बघत राहिली. कणकेनं भरलेली बोटं तिनं एकमेकांपासून लांब धरली होती.

"त पहिली काबर नइ बताएव?"

मग आधी का नाही सांगितलं? तिनं आवाज चढवला नाही. ती मृणालकडे बघत नव्हती, माझ्याकडेच बघत होती. मी म्हटलं, "चूक झाली. माझी." ती आत गेली, हात धुतले, आणि पोरींना आणायला निघून गेली. हे तिच्या मागे गेले. रिक्षात तिच्यासोबत बसून तिन्ही जणींना तपासणीला घेऊन गेले. स्वतःच्या चपला शोधायलाही थांबले नाहीत, मृणालच्या नवऱ्याच्या स्लिपर पायात अडकवून गेले.

मोठीचं रक्त ठीक निघालं. तिला ती भाजी आवडतच नव्हती. कुमारीचा आकडा थोडा वाढलेला. धाकटी रानू तीन वर्षांची, तिचा मात्र लहान मुलासाठी काळजी वाटावी एवढा होता. रायपूरच्या मॅडमनी तिला पाहिलं. औषध द्यावं लागणार नाही, पण ते खाणं पूर्ण बंद, लोहाचं औषध, दूध, अंडी, आणि ठरल्या वेळी पुन्हा रक्त तपासायचं, असं सांगितलं. त्या दिवशी रानूच्या इवल्याशा दंडाला पट्टी बांधून सुई टोचली, तेव्हा ती किंचाळली आणि मी बाहेर जाऊन उभी राहिले. कुमारी बाहेर आली नाही.

आता

माझं मनगट आठ महिन्यांनी उचललं जायला लागलं. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं रबराचा चेंडू दिला होता, तो दाबून दाबून मी चपटा केला. शिसं हाडांत साठतं आणि पुढची कित्येक वर्षं थोडं थोडं सुटत राहतं, म्हणून मला तपासणी सुरू ठेवावी लागणार आहे. कामावर परत गेले, पण आता लघुलिपी घेत नाही, संगणकावर टाइप करते. त्याचं वाईट वाटतं. मृणालला मुलगी झाली, ठणठणीत आहे. ह्यांनी कारखान्यातल्या लोकांना, त्या कुंपणालगत छत्र्या वेचायला येणाऱ्या बायांना रिपोर्टची झेरॉक्स दाखवून सांगितलं. काहींनी टोपल्या रिकाम्या केल्या. काही "हव", म्हणजे हो, म्हणाल्या आणि टोपली डोक्यावर घेऊन गेल्या. बाजारात सगळ्या टोपल्या शेजारी शेजारीच असतात. म्हणून विकणारीला एवढं तरी विचारा: कुठल्या मातीतलं?

कुमारीनं मृणालचं काम सोडलं नाही. का सोडलं नाही, हे मी विचारलेलं नाही. तिला त्या घराची गरज होती, एवढंच कारण असू शकतं. क्षमा केली असेल असं मी समजून चालत नाही.

रानूचा तिसरा रिपोर्ट आला त्या दिवशी मी भिलाईलाच होते. मृणालनं लिफाफा फोडला, नजर फिरवली आणि आनंदानं म्हणाली, "कम हो गया दीदी! बहुत कम हो गया, सब ठीक है."

कुमारीनं पोळपाट बाजूला सारला. पदराला हात पुसले आणि येऊन आमच्यासमोर जमिनीवर बसली. तिला वाचता येत नाही.

"सब्बो ला पढ़ के बता," ती म्हणाली. "एको ठन झन छोड़बे."

सगळं वाच. एकही सोडू नकोस.

मृणालनं कागद सरळ धरला आणि वरून सुरुवात केली. लॅबचं नाव, पत्ता, रानूचं नाव, वय, रक्त कधी घेतलं, कोणत्या बाटलीत घेतलं. एकेक ओळ झाली की कुमारी म्हणायची, "हव." मृणाल आकड्यापाशी आली, तो वाचला, आधीचा किती होता तेही सांगितलं. कुमारी म्हणाली, "हव." मृणालनं कागद उलटला आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरंही वाचायला लागली.